उस्ता खमीसची पाठ आणि मी

पितळेचा, लिंबाएवढा, खाली निमुळता आणि वर दोरीसाठी भोक असलेला एक गोळा तुम्ही बांधकामावर लटकताना पाहिला असेल. गवंडी तो भिंतीलगत सोडतो, एक डोळा मिटतो आणि भिंत सरळ आहे की झुकली आहे ते सांगतो. मित्रांनो, त्याच ओळंब्यांच्या जातीतला मी एक म्हातारा. वय पन्नाशीच्या पुढे. अंगभर ओरखडे आहेत, टोक बोथटले आहे, आणि दोरी तर किती वेळा बदलली याची गणती नाही. आयुष्यभर मी एकच काम केले, ते म्हणजे लटकत राहणे. पण लटकता लटकता जे पाहिले ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म कैरवानच्या जुन्या शहरात, तांबटांच्या गल्लीत झाला. एक फुटका खल, दोन मोडके नळ आणि कुणाच्या तरी आजीची मेणबत्तीची बैठक, एवढे वितळवून मला ओतले. ओतणारा म्हातारा अर्धा बहिरा होता. भट्टीशेजारी सकाळपासून एक बावीस वर्षांचा गवंडी उभा होता. त्याचे नाव खमीस. मी पुरता निवलोही नव्हतो, तोच त्याने मला उचलले, हात भाजला म्हणून दुसऱ्या हातात घेतले, पण खाली ठेवले नाही. माझी पहिली दोरी त्याने मबरूकाच्या मागावरून पळवली. मबरूका गालिचे विणायची आणि त्या दोघांचे लग्न ठरले होते. ताण्यातला एक धागा कमी पडला म्हणून तिने जे बोलायला सुरुवात केली, ते आजतागायत थांबलेले नाही.

खमीसबरोबर मी किती भिंती पाहिल्या! घरे, दुकाने, विहिरींचे कठडे, एका शाळेची लांबच लांब कुंपणभिंत. विटांचे दोन थर झाले की तो मला सोडायचा. माझ्या दोरीत ओवलेला लाकडी गुटका वर भिंतीला टेकवायचा आणि मी खाली भिंतीला हलकेच स्पर्शून थांबलो की मान हलवायचा. लोक त्याला मानाने उस्ता म्हणू लागले. 'उस्ता खमीसची भिंत' म्हटले की गिऱ्हाईक पुढचा प्रश्न विचारीत नसे. पहिल्या पाचेक वर्षांतला एक हिवाळा मात्र मी डब्यात पडून काढला. चार महिने थापी नाही, दोरी नाही. का, ते मला कुणी सांगितले नाही. मग एके दिवशी झाकण उघडले. खमीसचा हात हाडकुळा झाला होता, पण तोच होता.

पुढे त्याला मुलगी झाली. तिचे नाव नझीहा. सातव्या वर्षी ती परांचीखाली उभी राहून माझी दोरी धरायची. मी डोलत राहायचो आणि ती वैतागायची.

"बाबा, हा थांबतच नाही!"

"आधी तू थांब. मग तो थांबेल."

मग ती श्वास रोखायची. तिचा हात स्थिर झाला की मीही स्थिर व्हायचो. मित्रांनो, ओळंब्याला हात लावून कुणी थांबवत नाही. त्याच्याकडे गुपचूप बघत राहावे लागते. ही गोष्ट त्या मुलीने फार लहानपणी शिकून घेतली.

काळ बदलला. भिंतीवर लाल रेषा टाकणारी यंत्रे आली. खमीसचे गुडघे कुरकुरू लागले आणि साठीला त्याने थापी खाली ठेवली. मीही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो. नझीहा तोवर सूस शहरात शिकून डॉक्टर होऊन आली होती. शाळांतल्या मुलांची तपासणी तिच्याकडे होती, आणि घराच्याच तळमजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना तिने मांडला होता. एका सकाळी ती वर आली.

"बाबा, तुमचा ओळंबा द्या."

"का? डॉक्टरकी सोडून भिंती बांधणारेस?"

"नाही. पोरांच्या पाठी तपासायच्यात."

खमीस हसला. पण मला जुब्ब्याला पुसून, नवी दोरी ओवून त्याने तिच्या हातावर ठेवले. अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली.

तेव्हा मला कळले की माणसाच्या आतही एक भिंत असते. मानेच्या खाली, कमरेच्या वर, एकावर एक रचलेले बारा मणके. दोन मणक्यांमध्ये चुन्याच्या थरासारखी मऊ गादी. प्रत्येक मणक्याला दोन बाजूंनी एकेक बरगडी जोडलेली. आणि या सगळ्याच्या पोटातून, नळीतून दोरी जावी तशी, मेंदूकडून पायांकडे निघालेली एक नाजूक दोरी. नझीहा मुलांना हे विटाचुन्याच्या भाषेत सांगायची. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड सगळ्यात वर येते, तिथे ती माझी दोरी धरायची. पाठ सरळ असली की मी खाली बरोबर मधोमध थांबायचो.

तस्नीम नावाची तेरा वर्षांची मुलगी मला चांगली आठवते. तिची आत्या तिला दंडाला धरूनच घेऊन आली.

"डॉक्टरबाई, हिला जरा दम द्या. एक खांदा वर, एक खाली. सरळ उभी राहा म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली. मुद्दाम करते!"

तस्नीम जमिनीकडे बघत होती. नझीहाने तिला हात जोडून पुढे वाकायला सांगितले. वाकल्यावर उजवीकडच्या बरगड्या पावासारख्या फुगून वर आल्या. मग मला सोडले. मी मधोमध यायचा सोडून दीड बोट डावीकडे थांबलो.

"ही मुद्दाम करत नाही," नझीहा म्हणाली. "हिचा कणा वाढता वाढता पिळला गेलाय. वेल पिळतो ना, तसा. वाकड्या भिंतीला शिव्या दिल्या म्हणून ती सरळ होते का?"

तस्नीमने प्रथमच वर पाहिले आणि ती हुंदके देऊन रडू लागली. दुखत होते म्हणून नव्हे. कुणीतरी तिची बाजू घेतली म्हणून. पुढे दोन वर्षे तिने पाठीचा कडक पट्टा घातला. आत्याही मग रोज रात्री पट्ट्याखालच्या कातडीला ऑलिव्हचे तेल चोळायला लागली.

अशी कौतुकाची सातआठ वर्षे गेली. मग एक काचेची नळी आली, तिच्यात छोटी गोळी होती. ती मुलांच्या पाठीवर ठेवली की किती अंश कल आहे ते दिसायचे. मी दवाखान्याच्या टेबलाच्या खणात गेलो. मला राग आला नाही, असे मी म्हणणार होतो. पण म्हाताऱ्याने खोटे बोलू नये. थोडा आला.

त्या खणातूनच मी उस्ता खमीसचा आवाज बदलताना ऐकला.

तो रोज सकाळी खाली यायचा आणि वाट पाहणाऱ्या रुग्णांबरोबर चहा प्यायचा. पूर्वी तो धपकन बसायचा. आता आधी भिंतीला हात लागायचा, मग खुर्चीचा करकर आवाज, मग एक दबलेला श्वास. मे महिना आला तरी संध्याकाळी त्याला लोकरीचा डगला लागायचा. मबरूका दारात उभी राहून ऐकवायची.

"नझीहा, बापाकडे बघ जरा. रात्री घामाने उशी भिजते. पाठ धरून बसतात."

नझीहाच्या दवाखान्यात पंधरा माणसे बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "वय झालं गं आई. बाबा, या गोळ्या घ्या जेवणानंतर. आणि हा मलम लावा."

सहा महिने गोळ्या गेल्या आणि मलम गेला. एकदा दोनदा नझीहा म्हणालीही, "बाबा, आत या, बघू द्या पाठ." तेव्हा खमीस उखडला.

"बापाने लेकीपुढे सदरा काढायचा? दुनिया उलटी झाली का?"

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे जा."

"लेक डॉक्टर असताना दुसऱ्याकडे? लोक काय म्हणतील, उस्ताचा स्वतःच्या पोरीवर भरवसा नाही!"

मबरूकाने कपाळावर हात मारला. "म्हणजे लेकीला दाखवायची नाही कारण ती लेक आहे, आणि परक्याला दाखवायची नाही कारण लेक आहे. अहो उस्ता, मग पाठ दाखवायची कुणाला, बकरीला?"

रुग्ण हसले. खमीसही हसला. नझीहाला पुढचा रुग्ण दिसत होता. ती हसता हसता वळली, आणि गोष्ट तिथेच राहिली.

जूनमधल्या एका शुक्रवारी मात्र नझीहा थांबली. खमीस पांढरा जुब्बा घालून मशिदीकडे निघाला होता. मबरूका मागून ओरडत होती, "शिंप्याने वाट लावली जुब्ब्याची! पुढून धूळ झाडतोय आणि मागून पिंढऱ्या दिसतायत!"

नझीहाने खिडकीतून पाहिले आणि तिच्या हातातली लेखणी टेबलावर पडली. शिंप्याने काहीच बिघडवले नव्हते. चार वर्षे अंगात बरोबर बसलेला जुब्बा होता तो. आतला माणूस वाकला होता.

तिने खण उघडला. तिचे हात गार होते. मला उचलून तिने डगल्याच्या खिशात टाकले.

खमीस परतल्यावर ती अंगणात गेली. डाळिंबाच्या झाडाखाली तो चहाचा पेला घेऊन बसला होता. समोर अंगणाची जुनी भिंत होती. लग्नानंतर त्याने ती स्वतःच्या हाताने बांधली होती.

"बाबा, ही भिंत ओळंब्यात आहे का हो?" तिने सहज विचारल्यासारखे विचारले.

पेला अर्ध्यावर थांबला. "काय म्हणालीस?"

"नाही, शेजारी गिलावा चाललाय ना, तो कारागीर म्हणत होता. जरा मागे झुकलीय म्हणे."

"कोण तो गाढव? बोलाव त्याला! चाळीस वर्षं झाली, केसभर हललेली नाही ही!"

"मग पाठ लावून उभे राहा तिला. टाचा टेकवा. भिंत सरळ असेल तर डोकं आपोआप टेकेल."

खमीस तरातरा उठला. म्हणजे उठायला गेला, आणि झाडाला धरून उठला. चपला काढून त्याने टाचा भिंतीला लावल्या. पाठीचा मधला भाग टेकला. डोके टेकले नाही. त्याने मान मागे नेली, तर हनुवटी आभाळाकडे गेली. नझीहाने डोके आणि भिंत यांच्यामधल्या जागेत हात घातला. चार बोटे आडवी आरामात मावली.

"झुकलीय," खमीस पुटपुटला. "मागे झुकलीय. पाया खचला असेल." मग एकदम मोठ्याने, "माझा ओळंबा कुठंय?"

तिने मला खिशातून काढून दिले.

कित्येक वर्षांनी त्याच्या चिमटीत माझी दोरी आली. त्याने गुटका वर टेकवला आणि मला सोडले. मी डोलत राहिलो. एक फेरा, दुसरा फेरा. मित्रांनो, मी कधी खोटे बोललो नाही, कधी बोलावेसेही वाटले नाही. त्या दुपारी मात्र मला वाटले, थोडे झुकावे. भिंतीवर अंग टाकून रेलावे. या म्हाताऱ्याची भिंत चुकली तरी चालेल. पण वजन वजनाच्याच वाटेने जाते. मी हळूहळू स्थिर झालो आणि भिंतीला नुसता टेकून थांबलो.

भिंत सरळ होती.

खमीसने दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा पाहिले. तिथेही सरळ होती. त्याने दोरी गुंडाळली, अगदी नीट, घाई न करता. मग माझ्याकडे बघतच तो म्हणाला, "मबरूका, बाहेरचं दार लाव." आणि जुब्ब्याची बटणे काढू लागला.

मबरूका लगबगीने दाराशी गेली. तिने दाराला आतून कडी घातली आणि तिथेच उभी राहिली.

नझीहाने त्याला स्टुलावर बसवले. बाप डाळिंबाकडे बघत होता, लेक पाठीकडे. मला तिने मागच्या पायरीवर ठेवले होते, तिथून मला सगळे दिसत होते. ऊन खाऊन काळपटलेली मान, तिच्याखाली कधीच ऊन न लागलेली गोरी पाठ, खांद्यांमागचे दोन्ही फरे धारदार झालेले, बरगड्या मोजता येतील अशा. पन्हाळीसारखी सरळ जाणारी मधली रेघ खाली एके ठिकाणी अडली होती. तिथे एक मणका उंबरठ्यासारखा वर आला होता.

तिने आधी दोन्ही तळवे फासळ्यांवर ठेवले, अंगठे मधोमध जुळवले. "श्वास घ्या. मोठा." अंगठे एकमेकांपासून जेमतेम हलले. मग हाताची घडी छातीवर घालून त्याला धड उजवीकडे वळवायला सांगितले, मग डावीकडे. पावसात फुगलेले दार वळावे तसा तो वळला. मग तिने मानेच्या बुडाचे हाड शोधले आणि एकेक मणका बोटाने चाचपत खाली निघाली. फऱ्याच्या खालच्या टोकापाशी म्हणाली, "सात." आठ. नऊ. मग मूठ वळून ती प्रत्येक मणक्यावर अगदी हलके ठोकत आली. दहाव्याला खमीसने स्टुलाची कड घट्ट धरली. तोंडातून आवाज काढला नाही. पण बोटे पांढरी पडली.

"इथे?"

"हं."

तिने खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या तळपायावरून टाचेपासून वरपर्यंत ओढली. अंगठा खाली दुमडायचा सोडून सावकाश वर उठला. कण्यातली ती नाजूक दोरी दाबली जात असल्याची ही खूण. नझीहाचा चेहरा उतरला.

"पायांना मुंग्या येतात?"

"दोन महिने झाले. चप्पल कधी निसटते तेही कळत नाही."

"दोन महिने! सांगितलं का नाही बाबा?"

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते फार लागले.

तेवढ्यात दारापाशी मबरूका बोलली. "तू जन्मायच्या आधी यांना छातीच्या इस्पितळात ठेवलं होतं. खोकल्यातून रक्त पडायचं. वर्षभर औषध घ्यायला सांगितलं होतं. चार महिन्यांत पळून आले, कुणाच्या तरी घुमटाचं काम अडलं होतं म्हणून."

तो हिवाळा! डब्यातले माझे चार महिने मला तेव्हा उमगले. छातीतला क्षय तेव्हा पुरता गेलाच नव्हता. चाळीस वर्षे तो राखेतल्या निखाऱ्यासारखा दबून राहिला आणि म्हातारपणी कण्यात जागा झाला.

नझीहाने कपाळ बापाच्या पाठीला टेकवले. "मी गोळ्या दिल्या. सहा महिने नुसत्या गोळ्या दिल्या, आणि पाहिलं नाही."

"गिलाव्याच्या आतली भेग कुणाला दिसते पोरी?"

"डॉक्टरला दिसायला हवी."

"मग आता दिसली ना. चल, रडू नको, माझी पाठ भिजवतेस."

त्याच संध्याकाळी त्याला सूसच्या मोठ्या इस्पितळात नेले. निघताना नझीहाने मला पुन्हा डगल्याच्या खिशात टाकले होते. तिथल्या फोटोत दोन मणके कुजक्या विटांसारखे ढासळलेले दिसले. त्यातला पू आतल्या नाजूक दोरीला दाबत होता. सर्जन म्हणाले, "आणखी दोन आठवडे गेले असते तर पाय गेले असते. आताही खात्री देत नाही." दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पू काढला, ढासळलेल्या जागेला धातूच्या पट्ट्या लावून आधार दिला. तपासणीत क्षयच निघाला आणि औषधे सुरू झाली.

ताप उतरला. खमीस मऊ भात खाऊ लागला, परिचारिकांच्या खोलीच्या भिंतीतली चूक दाखवू लागला. पण डावा पाय हलेना. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. नझीहा रोज तळपायाशी उभी राहायची. तिला पुस्तकातले सगळे माहीत होते, म्हणून तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. खमीस आपली भीती तिला दिसू नये म्हणून चादर तोंडावर ओढून घ्यायचा.

अकराव्या दिवशी मबरूका घरचे मकरूद घेऊन आली. खजुराचे ते तळलेले तुकडे डब्यात तसेच राहिले, कुणाचेही मन खाण्यात नव्हते. तिने नझीहाच्या खिशाकडे हात केला.

"आण तो गोळा."

"आई, काय करतेस?"

"गप्प बस. माझ्या मागाचा धागा चोरून ज्याला बांधला होता, तो कामाला येतो का बघते."

तिने माझी दोरी पलंगाच्या पायथ्याच्या दांड्याला बांधली. चादर बाजूला केली. मी खमीसच्या डाव्या अंगठ्याला जेमतेम शिवत होतो.

"अहो उस्ता, हा तुमचा लाडका. आयुष्यभर याला थांबवलंत. आता हलवून दाखवा."

खमीसने डोळे मिटले. कपाळावरची शीर फुगली. काही झाले नाही. खिडकीबाहेर एक गाडी गेली. नझीहाने श्वास रोखला होता, अगदी लहानपणी रोखायची तसा. मी निश्चल लटकत होतो. माझ्या निश्चलपणाचे आजवर किती कौतुक झाले होते! त्या क्षणी मला तो नकोसा झाला होता.

मग अंगठ्याचे नख माझ्या अंगाला लागले.

मी डोललो. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. पण डोललो. आणि मित्रांनो, मी डोललो म्हणून तीन माणसे रडलेली मी जन्मात प्रथमच पाहिली.

"वारा असेल," खमीस घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"खिडकी बंद आहे," मबरूका म्हणाली. "पुन्हा करा."

त्याने पुन्हा केले.

पुढे वर्षभर औषध चालले. या वेळी तो कुठल्या घुमटासाठी पळून जाऊ शकला नाही, कारण मबरूका गोळी गिळेपर्यंत समोर बसायची आणि जीभ वर करून दाखवायला लावायची. तो काठी घेऊन चालू लागला, मग अंगणापुरता काठीवाचून. पाठीवरचा उंबरठा मात्र राहिला. जुब्बा पुढून आखूड करून घ्यावा लागला.

नझीहाने त्या वर्षी परिचारिकांसाठी एक वर्ग सुरू केला. पाठ नुसती ऐकायची नसते, पाहायची असते, हे तिला त्यांना शिकवायचे होते. पहिल्या दिवशी तिने प्लास्टिकचा कणा टेबलावर ठेवला. मागच्या बाकावर उस्ता खमीस बसला होता. थोडा वेळ त्याने ते ऐकले. मग तो उठला, काठी टेकत पुढे आला.

"त्या बाहुलीला दुखत नाही," तो म्हणाला. "त्यांना कळणार कसं?" आणि स्टुलावर बसून त्याने स्वतःच सदरा काढला.

वर्गात बहुतेक मुलीच होत्या. त्या संकोचून एकमेकींकडे पाहू लागल्या. नझीहाही गोंधळली. "बाबा, तुम्हाला चालेल?"

"माझ्याच मुली आहेत सगळ्या. या गं, मोजा. हात आधी चोळून गरम करा, नाहीतर म्हातारा दचकेल. आणि घाई करू नका."

एक सडपातळ मुलगी पुढे आली. मानेच्या हाडापासून ती निघाली, ओठांतल्या ओठांत मोजत, आणि दहाव्यापाशी थबकली. तिने बोट उचलले नाही.

"इथे, उस्ता?"

"इथेच. थोडं दाब. आता दुखत नाही. हां, असं. आता सगळ्यांनी येऊन बघा."

त्यानंतर दर वर्षी तो वर्ग झाला आणि दर वर्षी तो स्टूल मांडला गेला. मी त्याच खोलीत खुंटीला असतो. अधूनमधून कुणीतरी मला काढते, एखाद्याच्या मानेपाशी दोरी धरते, आणि मी थांबेपर्यंत वाट पाहते. काहींना वाट पाहणे जमत नाही. मी त्यांच्यावर रागावत नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला घासूनपुसून ठेवा असेही मी म्हणत नाही. पितळ काळे पडले तरी खरेच सांगते. पण तुमच्या घरात कुणीतरी उठताना भिंतीला हात लावत असेल. विचारले तर 'वय झालं' म्हणत असेल, आणि न विचारले तर काहीच म्हणत नसेल. आपल्या माणसाचे तोंड आपण रोज पाहतो, पाठ पाहायची राहून जाते. आज त्यांच्यामागे जाऊन उभे राहा. हात चोळून गरम करा. आणि कुठे दुखते ते विचारून झाल्यावर, उत्तर येईपर्यंत थांबा.